पाच स्टारची चिठ्ठी आणि पन्नास रुपयांचा मोह

भुसावळच्या आमच्या वहिनी बिबडे (ज्वारीचे पापड), कळण्याचं म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ आणि केळीचे वेफर्स ऑनलाइन विकतात. बचत गटाच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज परवा त्यांनी मला पाठवला, सोबत दोनशे छापील चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याचा फोटो. म्हणजे विचारायच्या आधी छपाई उरकली होती! वर म्हणतात, "सगळेच टाकू राहिले भाऊजी, मी का मागं राहू?"

मेसेज असा: पार्सलमध्ये ‘पाच स्टार द्या, 50 रुपये मिळवा’ अशी चिठ्ठी टाका. ग्राहकाचा नंबर आपलाच, सणासुदीला ऑफर पाठवा. रिव्ह्यू येईपर्यंत आठवण करत राहा. घरच्यांच्या नावाने चार रिव्ह्यू टाका. आणि शेवटी धमकी: सरकारी नियमाप्रमाणे 72 तासांत तक्रार मिटवली नाही तर खातं बंद.

चिठ्ठीचंच आधी घेऊ, कारण पैसे तिच्यावर गेलेत. वहिनी विकतात त्या अ‍ॅमेझॉनचे विक्रेत्यांसाठीचे नियम मी बसून वाचले. चांगल्या रिव्ह्यूच्या बदल्यात पैसे, कूपन, फुकट माल, काहीच द्यायचं नाही. पार्सलमधल्या चिठ्ठीतूनही नाही. ‘आवडलं तर रिव्ह्यू द्या, नाही आवडलं तर आम्हाला कळवा’ ही गोडीगुलाबीसुद्धा बसत नाही, कारण त्यात फक्त खूश गिऱ्हाइकाला पुढे ढकललेलं असतं. सापडलात तर विक्रीचा हक्क जातो. आणि सापडायला वेळ किती? एखादं चिडकं गिऱ्हाईक चिठ्ठीचा फोटो काढून रिव्ह्यूतच चिकटवतं. आपल्या विरुद्धचा पुरावा आपणच छापायचा, आपल्याच पैशांनी, आणि आपल्याच हातांनी घरपोच करायचा! शिवाय दीडशेच्या पाकिटावर पन्नास वाटले तर वहिनींना उरलं काय, हे त्या मेसेजवाल्याने सांगावं.

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो: रिव्ह्यू मागता येतो. पण एकदाच, आणि चांगला-वाईट काही न सुचवता. विक्रेत्याच्या खात्यात त्यासाठी बटण असतं. डिलिव्हरीनंतर 5 ते 30 दिवसांत ते दाबलं की ठरलेला मजकूर कंपनीच पाठवते. ‘आठवण करत राहा’ इथेच निकालात निघालं.

नंबर आपला नाही. तो पार्सल पोहोचवण्यापुरता. मेसेज करायचा तो त्याच ऑर्डरबद्दल: पत्ता अपुरा आहे, बिल हवं आहे, परतीचा प्रश्न आहे. ऑफर नाही, नुसते आभारही नाहीत. वहिनींची ती हात जोडलेली इमोजीसुद्धा चालत नाही, हे ऐकून त्या खरंच नाराज झाल्या.

घरच्यांचे रिव्ह्यू? 2020 च्या ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायला सरळ मनाई आहे. ते 72 तास मात्र कुठून आले देव जाणे. त्याच नियमांत तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात असं आहे. ग्राहकाच्या मेसेजला उत्तर मात्र 24 तासांत द्यावं, अशी अ‍ॅमेझॉनची अपेक्षा असते. तेवढं वहिनींनी पाळावं.

चिठ्ठ्या रद्दीत गेल्या. नवीन छापायच्याच असतील तर बिबडे कसे भाजायचे, कळण्याची भाकरी कशी थापायची ते छापा, असं मी सुचवलं. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला तेच माहीत नसतं. मागच्या महिन्यात एकाने बिबडे कच्चेच खाल्ले आणि एक स्टार दिला.