पाच तास उलटले, आता महान म्हणा

टेनिसचा सामना साडेचार तासांपुढे गेला की तो महान होता की नुसताच लांबला, यावर तुमचं मत कुणीतरी विचारणारच. ते तयार ठेवा. त्यासाठी सामना पाहायला हवा, ही समजूत आधी डोक्यातून काढा. कोण जिंकलं एवढं कळलं तरी भागतं. आपला खेळाडू जिंकला असेल तर सामना अजरामर. हरला असेल तर दोघेही दमलेले, दर्जा यथातथाच आणि चुकांचा नुसता पाऊस. निकाल आधी, निकष नंतर. हा क्रम एकदा उलटला की माणूस खरंच सामना पाहायला बसतो आणि वादासाठी कायमचा निकामी होतो.

सुरुवात घड्याळापासून करा, ते सगळ्यांना वाचता येतं. 2012 ची ऑस्ट्रेलियन ओपनची अंतिम लढत, जोकोविच विरुद्ध नदाल, 5 तास 53 मिनिटं. बक्षीस समारंभात भाषणं लांबली आणि दोघांना उभं राहवेना, म्हणून खुर्च्या आणाव्या लागल्या. एवढं सांगून थांबायचं. समोरच्याच्या हाती कॅल्क्युलेटर लागू देऊ नका. त्या सामन्यात गेम झाले 55, म्हणजे एका गेमला सहा मिनिटांच्या वर. 2008 ची विम्बल्डनची फेडरर-नदाल अंतिम लढत 4 तास 48 मिनिटांची, पण गेम 62; गेममागे पावणेपाच मिनिटंसुद्धा नाहीत. तासाभराने छोट्या सामन्यात सात गेम जास्त! मेलबर्नमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियन ओपनच्या त्या लढतीत, रॅली (एका गुणासाठी चाललेली फटक्यांची देवाणघेवाण) लांब होत्या हे खरं. पण टॉवेल, सर्व्हिसआधी चेंडूचे न संपणारे टप्पे, नाकाला-कानाला हात लावण्याचा नित्यक्रम, हेही त्याच घड्याळात मोजलं गेलं. दोन गुणांमध्ये 20 सेकंदांची मर्यादा तेव्हाही होती, पण ती पंचांच्या मनात होती. कोर्टवर सगळ्यांना दिसणारं 25 सेकंदांचं घड्याळ अमेरिकन ओपनमध्ये आलं ते 2018 मध्ये. तुम्ही मात्र या सगळ्या वेळाला ‘तणाव’ म्हणा.

कुणी इस्नर-माहू सामना काढलाच (काढतातच), तर आदराने मान डोलवा. विम्बल्डन 2010, पहिली फेरी, कोर्ट क्रमांक 18, तीन दिवसांत मिळून 11 तास 5 मिनिटं, पाचवा सेट 70-68. दोघांच्या मिळून 216 बिनतोड सर्व्हिस, म्हणजे समोरच्याच्या रॅकेटला चेंडू लागलाच नाही. आता यात अडचण अशी की दुसऱ्या सेटनंतर सर्व्हिस मोडली गेली (समोरच्याच्या सर्व्हिसवरचा गेम जिंकला गेला) ती थेट सामन्याच्या शेवटच्या गेममध्ये. म्हणजे 160 हून जास्त गेम ज्याची सर्व्हिस त्याचाच गेम. परतीचा फटका नावाची चीज टेनिसमध्ये असते, हे त्या कोर्टवर तीन दिवसांत फारसं कुणाला जाणवलं नसावं. गुणफलक 47-47 ला बंद पडला, कारण त्यापुढे मोजायची सोयच त्यात केलेली नव्हती. आमच्या मते त्या सामन्याची सर्वांत नेमकी समीक्षा त्या फलकानेच केली. पण हे बोलायचं नाही. ‘जिद्द’ म्हणायचं. आणि पुढच्या फेरीत इस्नर 0-6, 3-6, 2-6 असा उडाला, हे विरोधकाने सांगायच्या आत विषय बदलायचा.

आकडेवारीच्या प्रांतात मात्र जपून. 2019 ची विम्बल्डनची अंतिम लढत घ्या. फेडररचे गुण 218, जोकोविचचे 204. गेम फेडररचे 36, जोकोविचचे 32. चषक जोकोविचचा. फेडररभक्त असाल तर हे चार आकडे तोंडपाठ करा आणि ‘नैतिक विजय’ हा शब्द पेरत राहा. फक्त पाचव्या सेटमध्ये 8-7, 40-15 अशी, म्हणजे विजेतेपदापासून एका गुणावर, स्थिती असताना, हाती सर्व्हिस असताना काय झालं, या प्रश्नाला खोकला येऊ द्या. जोकोविचचे असाल तर तीन टायब्रेक (सेट बरोबरीत अडकला की तो संपवणारा निर्णायक गेम), तिन्ही त्याचे, बस्स. टेनिसमध्ये गुणांची बेरीज होत नाही, कोणता गुण कधी घेतला याला मोल असतं, हा खेळाचा मूळ नियम दोन्ही बाजूंनी सोयीने विसरायचा असतो. (त्याच संध्याकाळी लॉर्ड्सवर क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना सुपर ओव्हरपर्यंत गेला. आपल्याकडे दोन वाहिन्यांमध्ये उड्या मारत दोन्ही सामने अर्धे-अर्धे पाहिलेल्यांची मतं आजही सर्वांत ठाम आहेत.)

टाळता येण्याजोग्या चुकांचा आकडा तर हुकमी एक्का. चूक टाळता येण्याजोगी होती की समोरच्याने भाग पाडली, हे कोर्टच्या कडेला बसलेला माणूस क्षणात ठरवतो आणि कळ दाबतो. पंधरा फटके कोपऱ्या-कोपऱ्यांत पळवल्यावर सोळावा जाळ्यात गेला, तर ती चूक कोणाची? तुमच्या गरजेप्रमाणे.

2025 ची फ्रेंच ओपनची अंतिम लढत अजून ताजी आहे, तिथे सराव करा. 5 तास 29 मिनिटं. सिनर चौथ्या सेटमध्ये 5-3 ने पुढे, अल्काराझच्या सर्व्हिसवर 0-40, म्हणजे विजेतेपदाचे तीन गुण, आणि तरीही अल्काराझ जिंकला. एकूण गुण सिनरचे 193, अल्काराझचे 192. महान ठरवायचा असेल तर हा एका गुणाचा फरक पुढे करा. पाडायचा असेल तर म्हणा की शेवटचा टायब्रेक 10-2 झाला, यात कसली चुरस? पाचव्या सेटमध्ये 5-4 वर अल्काराझ जिंकायला सर्व्हिस करत होता आणि सिनरने ती मोडली, हे दोन्ही बाजूंना अडचणीचं, तेव्हा गाळा.

समोरचा वयाने मोठा असेल तर तो 1980 चा विम्बल्डनचा बोर्ग-मॅकेन्रो अंतिम सामना आणेल. चौथ्या सेटचा टायब्रेक 18-16, लाकडी रॅकेट, काय ते दिवस! तुम्ही नम्रपणे विचारा, ‘काका, पहिला सेट किती-किती?’ बोर्ग तो 1-6 असा हरला होता. तो कुणालाच आठवत नाही. सामना 3 तास 53 मिनिटांचा. स्मरणात उरले 34 गुण.

खरा धोका वेगळाच. एखादा शांत माणूस 1995 ची विम्बल्डनची महिला अंतिम लढत काढेल. ग्राफ आणि सांचेझ व्हिकारिओ, तिसरा सेट, 5-5, सांचेझची सर्व्हिस. एक गेम 20 मिनिटं चालला, 13 वेळा ड्यूस (40-40 ची बरोबरी) झाला, प्रत्येक वेळी दोघी चेंडूवर तुटून पडल्या आणि अखेर ग्राफने सर्व्हिस मोडली. पाच सेट नाहीत, पाच तास नाहीत. या माणसाला बोलू देऊ नका, त्याने सामना पाहिलेला असण्याची शक्यता आहे.

आणि ‘लांबी म्हणजेच थोरवी’ हा तुमचा निकष जाहीर करून बसला असाल, तर 1984 च्या रिचमंडपासून चार हात लांब राहा. तिथे व्हिकी नेल्सनने जीन हेपनरला 6-4, 7-6 असं हरवलं. दोनच सेट, 6 तास 31 मिनिटं. त्यातली एकच रॅली 29 मिनिटं चालली, चेंडू 643 वेळा जाळ्यावरून गेला. घड्याळाच्या हिशेबाने ही रॅली म्हणजे टेनिसचा कळस. तुमच्या महान सामन्यांच्या यादीत ती कितव्या क्रमांकावर आहे, तेवढं सांगा.