‘मनापासून सेवा करणारा थकत नाही’ म्हणे!

हा मजकूर आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला: ‘आई-वडिलांची सेवा मनापासून करणाऱ्याला थकवा येत नाही. घरातच तर बसायचं असतं. अशा वेळी ज्याला विरंगुळा सुचतो, त्याची माया आटली समजा.’ तिन्ही वाक्यं चुकीची आहेत. शेवटचं तर दुष्टच.

आधी थकवा. रात्री तीनदा उठून आईची कूस बदलली की कंबर धरते, मन कितीही जागेवर असलं तरी. १९९५ साली ‘द लॅन्सेट’मध्ये एक छोटा अभ्यास आला होता. स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगाची काळजी घेणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया. सगळ्यांच्या त्वचेवर सारखीच बारीकशी जखम केली. पहिल्या गटातल्यांची जखम भरून यायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. मोजक्याच बायका होत्या, हे मान्य. पण त्यांची माया कमी पडली म्हणून जखम रेंगाळली, असं म्हणायला कुणाची जीभ रेटेल?

मजकुरात खऱ्याचा अंश आहे, तोही सांगते. १९९९च्या एका अमेरिकन अभ्यासात जोडीदाराची काळजी घेताना ताण जाणवणाऱ्या वृद्धांमध्ये चार वर्षांतला मृत्यूचा धोका तशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त आढळला. काळजी घेऊनही ताण न जाणवणाऱ्यांत तो तसा वाढलेला नव्हता. म्हणजे सेवेनं माणूस खचतोच असं नाही. तिच्यासोबत येणारा ताण मात्र जिवावर उठू शकतो.

आता ‘घरातच तर बसायचं’. टीव्ही लावायचा तो आवाज बारीक करून, कारण आतली हाक ऐकू यायला हवी. पुस्तकाचं एकच पान चारदा वाचायचं. आई झोपली म्हणून मिळालेला तास पहाऱ्याचा असतो, सुट्टीचा नाही. विरंगुळा कधी म्हणायचा? तेवढा वेळ जबाबदारी दुसऱ्याच्या डोक्यावर असेल तेव्हा. ‘काही लागलं तर सांग’ म्हटल्यानं ती हलत नाही. ‘तू जा, गोळ्या मी देतो’ म्हटलं की हलते. काळजीवाहूंवरचा भार मोजायला जगभर वापरल्या जाणाऱ्या झारिट प्रश्नावलीत स्वतःसाठी वेळ उरतो का, हे थेट विचारलेलं आहे. आम्ही मात्र हे बोललो की तक्रारखोर.

राहिली माया. चार रात्री न झोपलेली मी आईवर खेकसते. दोन तास फिरून आलेली मी तिच्या त्याच प्रश्नाला सातव्यांदा नीट उत्तर देते. यातली कुठली मी आईला हवी असेन, ते तिलाच विचारा.

मजकूर पाठवणाऱ्या धाकट्या भावाला मी उत्तर म्हणून गोळ्यांचं वेळापत्रक पाठवलंय. खाली लिहिलंय: रविवारी दुपारी दोन ते सहा तुझी पाळी, माझा फोन बंद असेल.