पंचवीस नाणी टाका नि थोबाडीत मारा? अर्धीच गोष्ट फिरतेय

व्हॉट्सॲपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय. प्राचीन रोममध्ये म्हणे पंचवीस नाणी टाकली की कुणाच्याही थोबाडीत मारता यायची, मोठी इजा झाली तर डोळ्याला डोळा, आणि नुसत्या अपमानाची दाद ना रोममध्ये होती ना ग्रीसमध्ये.

नाण्यांचं खरं आहे, पण अर्धंच. इ.स.पू. ४५०च्या सुमाराच्या बारा फलकांच्या कायद्यात, म्हणजे रोमच्या सर्वांत जुन्या लेखी कायद्यात, किरकोळ मारहाणीला २५ ‘आस’ (तांब्याची रोमन नाणी) दंड होता. पुढे ती रक्कम चिल्लर ठरली. लुसियस वेरातियस नावाचा एक मस्तवाल भेटेल त्याला थोबाडीत ठेवून द्यायचा आणि मागून थैली घेऊन चालणारा गुलाम तिथल्या तिथे २५ आस मोजून द्यायचा. मेसेज इथे संपतो. ही हकिकत नोंदवणारा रोमन लेखक औलस गेलियस मात्र पुढे सांगतो की, म्हणूनच प्रेटर या न्यायाधिकाऱ्यांनी ठरीव दंड बाजूला सारून भरपाई ठरवायला पंच नेमायचं जाहीर केलं. (वेरातियसला थोडा मीठमसाला लागलाही असेल, कायदा बदलला हे नक्की.) मग मार कसा होता, कुणाला बसला, भर चौकात की नाट्यगृहात, हे पाहून रक्कम ठरू लागली. हरणाऱ्याच्या नावाला बट्टा लागायचा, तोही कायद्याने. पैसे देऊन प्रकरण मिटवलं तरी सुटका नसे.

डोळ्याला डोळा? अवयव निकामी केला तरच, आणि तेही तडजोड झाली नाही तर. हाड मोडलं तर सरळ पैसे: स्वतंत्र माणसाचं ३०० आस, गुलामाचं १५०.

अपमानाचा मुद्दा तर साफ खोटा. अथेन्समध्ये कुणाला खुनी, बापाला मारणारा किंवा रणात ढाल टाकून पळालेला म्हटलं आणि ते सिद्ध करता आलं नाही, तर ५०० द्राख्मा दंड होता. रोममध्ये कुणाच्या दारात जमून आरडाओरडा करणं, कुलीन बाईचा पाठलाग करणं, तिच्या सोबत्याला फितवून दूर नेणं, या सगळ्यावर दावा लागायचा.

रोमन कायद्याला नावं ठेवायचीच असतील, तर गुलामांचं काय होतं ते पाहा. गुलामाला जबर फटके मारले तर अपमान मालकाचा मानत आणि दावाही मालकच लावायचा. गुलामाला नुसती शिवी दिली किंवा एक बुक्की मारली, तर मालकालाही दावा नसे, असं दुसऱ्या शतकातला कायदेपंडित गायस सांगतो.