पट्टी बांधून वाचणाऱ्या पोरांचा फॉरवर्ड, जरा एकेक मुद्दा बघूया की

तो मेसेज तुमच्याकडं पण आला असणार. "फक्त ३ दिवसांत मिडब्रेन ॲक्टिव्हेशन! वय ५ ते १५. डिस्लेक्सिया, ऑटिझम, चंचलपणा मुळापासून जातो. मूल डोळ्याला पट्टी बांधून वाचतं. माणूस मेंदूचा १० टक्केच भाग वापरतो असं आइनस्टाइन म्हणालेत. स्पेशल टीचर आणि सर्टिफिकेटच्या नादाला लागू नका, पोरावर आयुष्यभराचा शिक्का बसतो." खाली फी पंचवीस हजार आणि रविवारी कोल्हापुरात राजारामपुरीत फ्री डेमो. असलं मी बघून सोडून देतो, पण हा फिरत फिरत माझ्या धाकट्या बहिणीकडं गेला, तिच्या पोराला मागच्या वर्षी डिस्लेक्सिया, म्हणजे वाचायची अडचण, निघालाय, आणि तिनं फोन करून विचारलं, "दादा, भिशी लागलीय, भरून टाकू का?" म्हणून लिहायलोय, नाहीतर मला काय हौस नाही.

आधी पट्टीचं घेतो, कारण सगळा गल्ला त्याच्यावरच भरतोय. मेसेजबरोबरचा व्हिडिओ मी थांबवून थांबवून बघितला. पोरगी पट्टी बांधल्यावर दोनदा हातानं ती सारखी करते, मग हनुवटी वर उचलते आणि पुस्तक धरते ते छातीपाशी, नाकाच्या बरोबर खाली. आत्ता उठून रुमाल बांधून बघा, नाकाच्या दोन्ही बाजूला फट राहते का नाही. त्या फटीतनं खालचं निवांत वाचता येतं. तेच पुस्तक कपाळासमोर धरा नाहीतर नाकाखाली पुठ्ठा आडवा लावा, लगेच विद्या गायब! नरेंद्र नायकांसारखे विवेकवादी कार्यकर्ते कधीपासून हे उघडं पाडत आलेत, पण ते व्हिडिओ कोण फॉरवर्ड करणार.

आणि मिडब्रेन काय बंद पडलेला पंप आहे व्हय, सुरू करायला? मेंदूच्या देठाचा तो वरचा भाग, जन्मापासून चालूच असतो. डोळे फिरवणं, टॉर्च मारला की बाहुली आकसणं, आवाजाकडं मान वळणं, असली कामं तिथनं होतात. तो खरंच बंद असता तर पोराला हॉलमध्ये नाही, आमच्या सीपीआर हॉस्पिटलच्या आयसीयूत न्यायला लागलं असतं.

पण माझं डोकं फिरतं ते वेगळ्याच गोष्टीनं. पोराला फटीतनं दिसत असतं आणि ते त्याला माहीत असतं. समोर आईबाप डोळ्यात पाणी आणून बसलेत, सर पाठ थोपटायलेत, मग ते बोलणार काय? म्हणजे पैसे देऊन पोराला स्वतःच्या आईशी खोटं बोलायला शिकवायचं. आमचा भाचा 'कपाट'चं 'पाकट' वाचतो, जोडाक्षर आलं की पान उलटतो, वर्गात त्याला आधीच 'आळशी', 'नाटकं करतोय' ऐकायला लागतंय. ह्या असल्या पोराला आता खरोखरचं नाटक शिकवायचं? आणि चौथ्या दिवशी पट्टी काढून मराठीचा धडा समोर आला की ते परत अडकणारच, फक्त आता घरचे म्हणणार, "सरांकडं तर वाचत होतास की!"

'डिस्लेक्सिया मुळापासून जातो' हे पण सोडून द्या. तो ताप नाही उतरायला. अक्षर आणि आवाज यांची जोडी त्या मेंदूत सहज बसत नाही, ती रोज थोडी थोडी, बोलून, गिरवून, वाळूत काढून बसवायला लागते. महिनोन्‌महिने जातात, पण वाचन सुधारतं. ऑटिझमचं तर गणितच वेगळं, स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी हे सगळं सोडून तिन्हींवर एकच गोळी देणारा माणूस बघितला की मी तरी लांबच राहतो.

१० टक्केवालं तर लई जुनं झालं. मेंदू वजनानं शरीराच्या साधारण २ टक्के, पण ऊर्जा खातो २० टक्क्यांच्या आसपास, ९० टक्के रिकामा ठेवून एवढं कशाला खाईल? आणि आइनस्टाइन असं म्हणाल्याचा कुठंच पुरावा नाही.

शिक्क्याचं मात्र निम्मं खरं आहे, मान्य करतो. आपल्याकडं दिव्यांगाचं सर्टिफिकेट दिसलं की नातेवाईक 'बिचारं' म्हणायला लागतात. आणि असल्या काही पोरांत जबर गुण असतात हेही खरं, आमच्या भाच्याला खासबाग मैदानातली कुठली कुस्ती कुठल्या डावावर सुटली हे सगळं तोंडपाठ. पण म्हणून सर्टिफिकेट नको? २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा काढून वाचा. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, ह्यात २१ आहेत आणि त्यात लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे डिस्लेक्सियासारखी शिकण्यातली अडचण, आली. कलम १६ म्हणतं, शाळेनं अशी अडचण लवकरात लवकर ओळखायची. कलम १७ मध्ये परीक्षेला जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, सगळं लिहिलंय. ही मेहेरबानी नाही, हक्क आहे, आणि तो मागायला कागद लागतोच. मिडब्रेनवाल्यांचं चकचकीत सर्टिफिकेट बोर्डात कोण विचारत नाही.

बहिणीला सांगितलंय, भिशीतनं स्पेशल टीचरची फी भर. तुमच्यापैकी कोण रविवारी डेमोला जाणारच असेल तर घरातली एक वही घेऊन जा, पट्टी बांधलेल्या पोराच्या डोक्यामागं धरा आणि म्हणा, वाच. सर काय कारण देतात ते इथं खाली लिहा.