‘ग्लुकोजचं सलाईन लावलं की बाई लवकर मोकळी होते’ हे खरं नाही

कळा सुरू झालेल्या बाईबद्दल एक मजकूर घरोघरच्या ग्रुपवर फिरतो आहे: तोंडानं काही देऊ नका, लगेच ग्लुकोजचं सलाईन लावून घ्या, त्यानं ताकद येते, कळा वाढतात, बाळालाही साखर मिळते, आणि जिथे सलाईन लावत नाहीत तिथून पेशंट हलवा. शेवटचा सल्ला सर्वांत घातक. ऐन कळांत बाईला गाडीत घालून दुसरीकडे न्यायचं, तेही एका बाटलीसाठी.

‘ताकद येते.’ बाटलीवरचं लेबल वाचा: डेक्स्ट्रोज ५ टक्के, ५०० मिली. म्हणजे २५ ग्रॅम ग्लुकोज, पाच-सहा चमचे साखरेइतकं. जेमतेम १०० कॅलरी. बाकी पाणी. नॉर्मल सलाईन, म्हणजे नुसतं मिठाचं पाणी असेल तर साखर शून्य. एवढी ताकद दोन ग्लास गोड सरबतातून किंवा वाटीभर खिरीतून मिळते, शिवाय घशाची कोरड जाते.

‘कळा वाढतात, लवकर सुटका होते.’ खरी गल्लत इथे आहे. बाटलीत बऱ्याचदा ऑक्सिटोसिन घातलेलं असतं आणि कळा त्या औषधानं वाढतात. नातेवाइकांना दिसते फक्त बाटली. हे औषध थेंब मोजून, पोटावर हात ठेवून कळा तपासत, बाळाचे ठोके ऐकत द्यायचं असतं. जास्त झालं तर दोन कळांमध्ये गर्भाशय सैल पडत नाही, बाळाला ऑक्सिजन कमी पडतो, क्वचित गर्भाशय फाटतं. म्हणून ‘कळांचं सलाईन लावाच’ असा हट्ट डॉक्टरांकडे धरू नका आणि घरी तर कुणाकडूनही लावून घेऊ नका. आता नुसत्या सलाईनबद्दल. ज्यांचं खाणंपिणं बंद ठेवलं होतं अशा बायकांना शिरेतून जास्त पाणी दिल्यावर प्रसूतीचा वेळ काहीसा कमी झाल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे. पण ती तहानलेलं ठेवल्याची भरपाई झाली. प्रसूती लवकर व्हावी एवढ्यासाठी सलाईन देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ मध्येच सांगितलं आहे.

‘तोंडानं काही देऊ नका.’ या नियमाचं मूळ १९४६ चं. न्यूयॉर्कचे डॉ. कर्टिस मेंडेलसन यांनी दाखवलं की प्रसूतीत पूर्ण भूल दिल्यावर पोटातलं उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. तेव्हाची भूल तशी होती. आज बहुतेक सिझेरियन मणक्यात इंजेक्शन देऊन होतात. जोखीम नसलेल्या बाईला कळांच्या काळात खाऊपिऊ द्यावं, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ ची शिफारस आहे. सिझेरियनची शक्यता दिसत असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तसंच.

‘बाळाला साखर मिळते.’ मिळते, आणि अडचण तिथेच आहे. आईला भराभर ग्लुकोज चढवलं की बाळाचं शरीर साखर उतरवणारं इन्सुलिन जास्त बनवतं. नाळ कापली की साखर थांबते, इन्सुलिन मात्र उरतं आणि बाळाची साखर एकदम उतरू शकते. भरमसाट पाण्यानं आईच्या रक्तातलं सोडियमही घसरतं. सोबत ऑक्सिटोसिन असेल तर जास्तच, कारण ते शरीरात पाणी धरून ठेवतं. हे पाणी बाळातही जातं. जन्मतः वजन फुगलेलं दिसतं, ते पाणी लघवीवाटे गेलं की वजन उतरलं म्हणून घरात घबराट होते, ‘आईला दूध पुरत नाही’ असं ठरवून पावडरचा डबा उघडला जातो. चांगलं दूध येणाऱ्या आईवर हा शिक्का बसतो याची मला फार चीड येते.

सलाईन लागतं ते रक्तस्रावात, सतत उलट्या होत असतील तर, कंबरेत भूल देताना, इन्सुलिनवरच्या बाईला साखर सांभाळण्यासाठी. तेव्हा एक मिनिटही वाद घालू नका. एरवी दवाखाना पारखायचा तर विचारा: बाळाचे ठोके दर १५ ते ३० मिनिटांनी ऐकता का? सोबत घरचं माणूस राहू देता का? चालू-फिरू देता का? सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली, २०११ पासून, भरती असताना जेवणही मोफत आहे. ते मागून घ्या.