तीस मीटरची चौकट

पाडव्याला घरच्या ग्रुपवर नाशिकच्या मामांनी लिहिलं, "गंगा आटली, गंगा आटली म्हणून ओरडू नका. आवर्तन सुटलं की बघा." नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि आवर्तन म्हणजे धरणातून ठरल्या वेळी सुटणारं पाणी. खाली माझ्यासाठी खास: "तिकडे बसून नदी मोजणाऱ्यांनी एकदा इथल्या पायऱ्या उतराव्यात."

पंधरा दिवस झाले, डोक्यातून जात नाही.

मोजतो, हे खरं. नेदरलँड्समधल्या नायमेखनला आमच्या खिडकीतून वाल नदी दिसते. पलीकडचा, लेंट गावाच्या बाजूचा बांध इथे 350 मीटर मागे घेतला, पन्नासेक घरं उठवली, नदीला शेजारी दुसरा प्रवाह काढून दिला. सायकलवरून जाताना कुणी वळूनही बघत नाही. आणि आपण? 2016च्या एप्रिलात गोदेतलं रामकुंड कोरडं पडलं, टँकरनं भरलं, तरी तळाचं काँक्रीट काढायचं की ठेवायचं हा वाद संपेना.

म्हणून रात्री लॅपटॉप उघडतो. लँडसॅट उपग्रहांची जुनी चित्रं फुकट मिळतात. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पाणी गिळतं, त्यामुळे ते काळंभोर उतरतं. काळे ठिपके मोजले की नदीचा पसारा हाती येतो. निदान वालचा येतो. गोदेच्या बाबतीत मात्र पहिल्याच रात्री फजिती झाली. लँडसॅटचा एक ठिपका म्हणजे 30 मीटरची चौकट. घाटाजवळ तेवढ्यात पाणी, पायऱ्या आणि भाजीवाल्यांच्या ताडपत्र्या एकत्र कालवल्या जातात. सेंटिनेल या दुसऱ्या उपग्रहाचा ठिपका 10 मीटरचा, तर त्यात पाणवेली हिरव्या दिसतात. नदीच्या जागी शेत! शिवाय गंगापूर धरणातून त्या दिवशी पाणी सुटलं होतं की नव्हतं, हे चित्राला कुठून कळणार? एकाच महिन्याची दोन चित्रं शेजारी ठेवली, तरी फरक नदीचा की आवर्तनाचा, ते सांगता येत नाही.

म्हणजे मामांचा मुद्दा बरोबर होता. ग्रुपवर हे मी लिहिलेलं नाही.

मग पाण्याचा नाद सोडून काठ बघायला घेतले. काठावर सिमेंट कधी चढलं, ते मात्र चित्रात स्वच्छ कळतं. वर पूररेषेचा नकाशा ठेवला. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या पूरपट्ट्यात, वळणाशी, आमची जुनी सोसायटी. 2008च्या पुरानंतर तिच्या पार्किंगमधला गाळ मी स्वतः फावड्यानं काढलाय. तेव्हा आम्ही पुराला शिव्या घातल्या. इमारत उभी कुठे आहे, हे कुणी विचारलं नाही. तो फ्लॅट विकून बाबांनी माझी इथली पहिली फी भरली. घेणाऱ्याला निळ्या रेषेचं कुणी सांगितलं असेल, असं वाटत नाही. मी तर नाहीच सांगितलं.

काल मामांनी दुतोंड्या मारुतीचा, ज्याच्यावरून नाशकात पूर मोजतात त्या मूर्तीचा, फोटो टाकला. पाणी पायाशी. खाली एवढंच: "आलास की गंगेवर जाऊ."

फोटो मोठा करून मी मागच्या कोरड्या पायऱ्या मोजत बसलो. सातनंतर फोटो फुटतो.