ससा आणणाऱ्यांनो, पिशवी ओट्यावर टेकवली की काम संपत नाही

आज दुपारी एकच्या सुमाराला धाकटे दीर आले. गाडीच्या हँडलला काळी पिशवी, आत तोडलेला ससा. त्यांच्या दोस्ताचं ब्रॉयलर सशांचं शेड आहे, तिथून सकाळीच घेतलेला. मधे चहा, गप्पा, आणखी कुणाकडे तरी चक्कर. पिशवी ओट्यावर टेकवली आणि म्हणाले, "वहिनी, झणझणीत होऊ द्या." हात लावला तर मांस कोमट. मी सरळ टाकून दिलं. घरात केवढा गहजब! अन्नाचा अपमान म्हणे.

आमच्या भाचीचं काय झालं होतं ते इतक्यात विसरलात?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. उन्हाळ्यात माहेरी असाच ससा आला होता. सशाची हाडं बारीक, सत्तूरनं तोडली की टोकं सुईसारखी होतात आणि पातळ पिशवीला भोकं पाडतात. कुणीतरी ती पिशवी फ्रीजच्या वरच्या कप्प्यात कोंबली. खाली कोशिंबिरीसाठी चिरलेली काकडी, उघडीच. रस्सा ओरपणारे सगळे ठणठणीत राहिले. तिखट लागतं म्हणून दहीभात-कोशिंबीर खाल्लेली पोर मात्र रात्री सलाईनवर. ज्या पोरीनं मटणाचा तुकडाही तोंडात घातला नव्हता, ती!

म्हणून मला 'नीट शिजवलं की सगळं मरतं' हे ऐकवू नका. शिजतं ते पातेल्यातलं. काकडीवर ठिबकलेलं कोण शिजवणार? विळीच्या पात्यावर राहिलेलं, त्याच विळीवर कोथिंबीर चिरली तर?

आणि ते नळाखाली धो-धो धुणं. पाणी मांसावर आपटतं आणि शिंतोडे बेसिनभर, शेजारी पालथ्या घातलेल्या ताटांवरसुद्धा. ब्रिटनच्या अन्न सुरक्षा खात्यानं 2014 साली लोकांना कोंबडी धुऊ नका म्हणून मोहीमच काढली होती. आता आपल्याकडे न धुता मन मानत नाही, हे कबूल. सशाची बारीक लव मांसाला चिकटून येते, ती काढावीच लागते. मग पातेल्यात पाणी घ्या, त्यात हलक्या हातानं काढा, पाणी सावकाश ओता, मग बेसिन आणि हात साबणानं घासा. काळीजही बघून घ्या. त्यावर पांढरे ठिपके, गाठी दिसल्या तर टाकून द्या. सशांच्या एका रोगाची ती खूण असते.

आजी काय फ्रीज वापरायची का, हा प्रश्न येणारच. नव्हती वापरत. पण आजी मांस ठेवायचीच नाही हो! सकाळी कापलं की तासाभरात चुलीवर. उरलं तर मीठ-हळद लावून कडक उन्हात वाळवायची. किती बारीक लक्ष असायचं तिचं, माशी बसू द्यायची नाही. डोळ्यांसमोर येते अगदी. तिच्या नावावर तुमचा आळस खपवू नका.

कापल्यापासून दोन तासांत मांस थंडाव्यात गेलं पाहिजे, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तर तासाभरातच. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, फ्रीजचा सगळ्यात खालचा कप्पा. दोन दिवसांत शिजवा, नाहीतर फ्रीझरमध्ये टाका. सशाला चरबी कमी, उघडं राहिलं तर फ्रीझरमध्ये वातड होतं, म्हणून हवा काढून गुंडाळा. बर्फ सोडवायला रात्रभर फ्रीजच्याच खालच्या कप्प्यात ठेवा, ओट्यावर नको. लोडशेडिंगमध्ये पूर्ण सुटून गरम झालेलं पुन्हा गोठवू नका.

आणि 'रानातला मिळालाय' म्हणून कौतुकानं सांगणारे महाभाग माझ्या दारात येऊच नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्या शिकारीला बंदी आहे.

भाऊजी मनानं वाईट नाहीत. भाचीला दवाखान्यात नेताना गाडी त्यांनीच काढली होती, रात्रभर बाकड्यावर बसून होते. म्हणून तर जास्त राग येतोय. ती रात्र पाहिलेला माणूस भर उन्हात हँडलला मांस लटकवून गावभर फिरतो! आणि घरात आलं की पुढचं सगळं बाईनं बघायचं. धुवायचं, निवडायचं, शिजवायचं, कुणी आजारी पडलं तर बोलणीही तिनंच खायची.

यापुढे आमच्या घरी ससा आणायचा असेल तर जाताना बर्फ घातलेला डबा न्यायचा आणि शेडवरून थेट घरी यायचं. वाटेतला चहा मी घरी देईन. भाऊजी, तुम्ही हे वाचणार आहात, म्हणूनच इथे लिहिलंय.